चुकार

पेन आणू नकोस, आर्डिथनं फोनवर बजावलं होतं,
शाई गोठते. पेन्सिल आण. दोन आण.
म्हणून माझ्या हातमोज्यात दोन पेन्सिली
आणि पिकअपमध्ये एका बाकावर तिघं,
हीटर गेल्या हिवाळ्यातच मेलेला.

शेवटचा मैलभर डेल्बर्ट बिटसिली दिवे मालवून हाकतो.
घुबडांसाठी, म्हणतो.
रस्ता कसला, कोरड्या ओढ्याचं पात्र,
वाळूवर हिमाची पातळ साय
आणि तिच्यावर सशानं घातलेले टाके.

कड्याशी उतरलो.
घळ दिसत नव्हती, फक्त तिची थंडी वर येत होती,
विहिरीत डोकावल्यावर येते तशी.
डेल्बर्टनं स्वतःसाठी कॉफी ओतली,
आर्डिथसाठी कोको. तिच्या धर्मात कॉफी नाही.
ती त्र्याऐंशीची. नजरेच्या मधोमध राखाडी डाग,
जग उरलंय ते कडेकडेनं.
आता ती कानांनी मोजते.
बावन्नावा हिवाळा, याच दगडावर.

आधी कावळे, दोन. मग पिन्यन जे,
निळं वऱ्हाडच्या वऱ्हाड,
कुणी मागे राहिलं का विचारत.
साठ लिही, आर्डिथ म्हणाली.
अठ्ठावन्न, डेल्बर्ट म्हणाला.
मी एकोणसाठ लिहिले.

समोरच्या कड्याच्या माथ्याला ऊन लागलं,
वीतभर उतरलं, थांबलं,
आणि ते थांबलं तिथूनच घळीतली रेन गायली:
कुणाच्या तरी हातून मण्यांचा डबा निसटावा
आणि मणी पायरी पायरी खाली जावेत.
आम्ही कुणीच आकडा बोललो नाही काही वेळ.

मग डेल्बर्ट म्हणाला, क्रीपर.
खाली, कॉटनवुडच्या बुंध्यावर, तुझ्या डाव्या हाताला.
सी. सी.
जाड कापडातून सुई जावी एवढाच आवाज.
मलाही आला.
आर्डिथनं टोपीचे कान वर केले,
तोंड थोडं उघडं ठेवलं, श्वास धरला.
सी.
गेला का?
गेला, डेल्बर्ट म्हणाला.
सी. सी.
खोटं बोलू नकोस, ती म्हणाली,
तुझी मान अजून तिकडेच आहे.
तेवढं कडेनं दिसतं मला.

तिनं टोपीचे कान खाली ओढले.
त्याच्या नावावर लिही.
बारीक आवाज आधी जातात, ठाऊक होतं.
ह्याच वर्षी जातील असं नव्हतं वाटलं.
मी लिहायला गेलो आणि टोक मोडलं.

दुसरी पेन्सिल काढेपर्यंत
खालच्या दरडीतून एकच कल्ला:
चक् चक् चक् चकार्र, चकार्र.
हा मला पुरतो! आर्डिथ हसली. चुकार.
हे इथले नव्हेत. माझ्या वडिलांनी सोडले, शिकारीसाठी.
मी सात वर्षांची. लाकडी खोकी,
फळ्यांवर कुणालाच न वाचता आलेली अक्षरं.
झाकण उघडलं तरी बाहेर येईनात.
मी खोक्याला लाथ मारली.

मी म्हणालो, आमच्या भाषेतला आहे तो. चकोर.
चांदणं पिऊन जगतो म्हणतात.
डेल्बर्टनं दुर्बीण खाली घेतली.
चांदणं इथे रग्गड आहे, म्हणाला,
पण मी तर त्याला गवताचं बीच खाताना पाहिलंय.

आणि चुकार म्हणजे, मी म्हणालो,
कळप सोडून भलतीकडे गेलेलं जनावर.
तो कितीतरी वेळ खालीच बघत राहिला,
जिथून त्याच्या आजीच्या मेंढ्या पाण्यावर जायच्या.
अशी एक होती, म्हणाला. आजी तिला ओरडायची नाही.
दुष्काळात पाणी त्या मेंढीलाच सापडलं होतं.

किती? आर्डिथनं विचारलं.
सतरा, मी म्हणालो. सतरा चुकार.
नवी पेन्सिल कागदावर जरा जास्तच काळी उठली.
ऊन आता आमच्या बुटांपर्यंत आलं होतं.
कोको निवला होता.
ती अजून डावीकडे तोंड करून बसली होती,
कॉटनवुडच्या दिशेला,
टोपीचा एक कान परत वर.